भन्सार

निघायला एकोणीस दिवस.
रात्रीची ताटं उचलून झाल्यावर घणसोलीच्या या टेबलावर
ओल्या फडक्यानं मी नकाशाखालची जागा पुसते.
धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, गोरखपूर,
मग सोनौली. तिथं माझं बोट थांबतं.

"तिथं भन्सार," शर्वी सांगते.
हा शब्द तिनं दोन दिवस लिमलेटच्या गोळीसारखा
गालात धरून ठेवलाय.
"गाडीचा कर, आजोबा. जेवढे दिवस, तेवढे पैसे."
"म्हंजे जकात," सासरे म्हणतात,
"आपल्या ऐरोलीच्या नाक्यावं व्हती तशी."
आणि पुन्हा शेंगा सोलायला लागतात.

चौतीस वर्षं एसटी. खोपट डेपो.

निशिकांतचा बेत सरळ होता:
शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं,
रात्र कापायची, सकाळी इंदुरात पोहे.
सासऱ्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि रात्रीवर एक आडवी रेघ मारली.
"रातची गारी नाय चालवाची.
झोप लागली तं स्टेरिंगवं देव बसतो,
आन् देवाकरं लायसन नाय."
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
कसाऱ्याच्या एका वळणावर ते अजूनही
मागच्या सीटवरून उजवा हात पुढे नेतात,
हवेतच हॉर्न दाबतात,
आणि इगतपुरी येईपर्यंत बोलत नाहीत.
कुणी कधी विचारलेलं नाही.

तर रात्र गेली. जाण्याचे तीन दिवस पाच झाले.
रजा तेवढीच, म्हणून पोखऱ्यातले दोन दिवस कमी.
निशिकांत थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला.

रविवारी सासरे खाली पार्किंगमध्ये,
रुपयाचं नाणं टायरच्या खाचांत उभं करून बघत होते.
मग डिकी उघडली.
स्टेपनीत हवा नव्हती.
तीन वर्षं आम्ही पाम बीच रोडवरून
रोज एक मेलेलं चाक हिंडवत होतो,
अगदी निर्धास्त.

शंभराच्या नोटा. शर्वीच्या उलटीच्या गोळ्या, लिंबं,
दोरी. दोरी कशाला? "असू दे."
मग कळलं, सीमेवर आधार चालेलच असं नाही,
मतदार कार्डं काढा.
माझ्यावर अजून माहेरचं आडनाव, पेणचा पत्ता,
आणि फोटोत माझी कुणीतरी धाकटी बहीण.
चौकीवरच्या माणसाला काय सांगायचं
याची मी भांडी घासताना तालीम करते:
तीच मी. हो, तीच.

सासऱ्यांना तीनदा विचारलं होतं, या म्हणून.
"घर कोन बघील? मांजरीला मावरं कोन घालील?"
चौथ्यांदा विचारायचं मी सोडून दिलं.

काल रात्री निळी फाइल लावताना
पीयूसी आणि विम्याच्या मधे
एक कागद जास्त निघाला.
हसुराम जोमा म्हात्रे.
मतदार कार्डाची झेरॉक्स, पुढून आणि मागून, दोन प्रती,
खाली सही, तारीख,
कोपऱ्यात वेळसुद्धा, चोवीस तासांच्या हिशोबात,
जशी लॉगशीटवर टाकत असतील.
तारीख गेल्या महिन्याची.
तेव्हा आम्ही अजून
नेपाळ की गोवा, यावरच भांडत होतो.

आतल्या खोलीत त्यांचा रेडिओ खरखरत होता.
मी हाक मारली नाही.
कागद होता तिथंच परत सरकवला, कोपरे जुळवून.
मग वेळापत्रक ओढलं,
"दर दोन तासांनी थांबा" मधला दोन खोडून
वर दीड लिहिलं,
आणि गोरखपूरच्या लॉजला फोन लावला,
तळमजल्याची खोली मिळेल का म्हणून.