वजनाचा भाव

सातशे पंच्याऐंशी किलो, पोरगा म्हणाला,
त्यातून सीट, काचा, रबर वजा.
त्याच्या मोबाईलवर माझी ओम्नी
एका ओळीत मावली.

अक्कलकोट रोडची शेड. पत्रा कोरा,
आत पंखा, गार पाणी, समजावणारा उद्धट नाही.
गाडी द्या, प्रमाणपत्र घ्या,
नव्या गाडीच्या करात सूट घ्या.
मी विचारलं, नवी घ्यायचीच नसली तर?
तो थांबला. त्याच्या फॉर्मात हा रकाना नव्हता.
मग म्हणाला, प्रमाणपत्र विका की काका, घेणारे आहेत.
म्हणजे गाडी माझी तुटणार
आणि सूट मिळणार
जुळे सोलापुरातल्या कुठल्यातरी डॉक्टरला.

नव्याण्णवची. तेव्हा पांढरी होती.
टॉवेलचे गठ्ठे घेऊन विजापूर, गुलबर्गा,
मे महिन्यात स्टिअरिंगला ओला पंचा गुंडाळून.
विडी घरकुलातल्या चार बाळंतिणी
हिच्या मागच्या सीटवरून सिव्हिलला पोचल्या.
पाचवी नाही पोचली.
मार्केट यार्डापाशी, कांद्याच्या ट्रकांत अडकून,
पोरगी गाडीतच झाली.
आता नर्सिंग करते. मला बघून लाजते.

आता आठवड्याला तीस किलोमीटर, फार तर.
पण भाव किलोवर असतो,
किलोमीटर कोण विचारतो?

युसूफ नदाफ म्हणतो, गड्डमशेठ,
मेलेल्या गाड्यांवरच चालत्या गाड्या जगतात.
सगळ्या मढ्यांना तुमची शेड नेणार,
तर मी डायनामो काय आभाळातून काढू बे?

हे सगळं खरं.
आणि हेही खरं, की एका रात्री
इंजिन चालू ठेवून मी सायलेन्सरला
आपलाच एक पांढरा टॉवेल धरला, मिनिटभर.
घरात हरिणी झोपली होती. सहा वर्षांची,
उशाला निळा पंप.
टॉवेलवर काळं वर्तुळ उमटलं,
ताटलीएवढं.
दोनदा भिजत घातला. निघालं नाही.
बायकोला सांगितलं नाही.

सूट ही गोष्ट आमच्या घराला नवी नाही.
नान्नांचे चार माग होते, अशोक चौकाच्या मागे.
जुने तोडा, नव्यासाठी अनुदान मिळेल.
तोडले. मी घण धरला होता, एकोणीस वर्षांचा.
बिडाचा आवाज वेगळा येतो,
खोकल्यासारखा.
अनुदानाला आधी आपले पैसे लागतात,
हे त्या कागदाच्या मागच्या बाजूला होतं.
नवे माग आले. दुसऱ्यांकडे.
खोटं कशाला बोलू, टॉवेल सरळ निघायला लागले,
काठ एकसारखे, गिऱ्हाईक खूश.
नान्ना त्याच कारखान्यावर रात्रपाळीला,
गेटवर.
मागांपैकी एक धोटा तेवढा उरला होता.
लाकडाचा, म्हणून काट्यावर घेतला नव्हता कुणी.

तर योजना चांगली की वाईट,
मला विचारू नका.
हवेच्या बाजूनं चांगली असेल. हरिणीच्या बाजूनंही.
फक्त जो आधीच नव्या गाडीच्या दारात उभा आहे
त्यालाच ती हाताला धरून आत बसवते.
आम्हाला वजन करून सोडते.

बुधवारी रात्री युसूफ आला, टॉर्च दातात धरून.
माझा कार्बोरेटर काढला,
त्याच्याकडचा एक कुजका बसवला.
गुरुवारी शेडमध्ये काटा हलला, थांबला.
वजन तेवढंच भरलं.
पोरगा म्हणाला, चेसिस नंबरचा तुकडा कापताना
थांबायचं असेल तर थांबा, काही जण थांबतात.
आम्ही नाही थांबलो.

परतीला शेअर रिक्षा मिळाली,
ओम्नीहून म्हातारी असावी.
ती एवढा धूर ओकत होती
की आम्ही दोघंही नाकाला पंचा लावून.
युसूफच्या मांडीवर पिशवी, पिशवीत माझा कार्बोरेटर.
रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं,
शेडवरनं आलात ना? किती देतात?

मी म्हटलं, तुझी भरेल किती?