सरासरी

आमच्या बेटावर विमानतळ म्हणजे
पोवळ्याच्या चुऱ्याची पट्टी, झावळ्यांची शेड,
आणि मी, माझ्या काट्यासकट.
अकरा वर्षं माणसं तोलते.
जुनं विमान नऊ जणांचं, एका इंजिनाचं,
बेटामागून बेट धरत जाणारं,
जड माणूस मागं बसला की कुरकुरणारं.
म्हणून आधी चढा काट्यावर, बाळासकट, फणसासकट.
कोंबडीचे पाय बांधलेत ना? तिलाही.

सगळ्या बेटाची वजनं मला तोंडपाठ.
पाद्री बेरेनातो ब्याण्णव, उपासानंतर नव्वद.
नेई काबुरोरो चोपन्न,
तारावाच्या इस्पितळातून परतली तेव्हा एकेचाळीस.
आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.
हाताचा आडोसा करून लिहिते.

आता नवं विमान आलंय.
दोन इंजिनं, बेचाळीस खुर्च्या,
खोल समुद्र सरळ कापायचा परवाना.
मानेआबात कंपनीच्या माणसानं चटईवर मांडून दाखवलं:
पिवळी जाकिटं, शिट्ट्या,
पाणी लागताच पेटणारा दिवा, घडी घातलेला तराफा.
एक इंजिन थांबलं तरी दुसरं पोचवतं, म्हणाला.
म्हाताऱ्यांना नवल वाटलं नाही.
होडीच्या कुशीलाही एक ओंडका असतोच.

मग माझ्याकडे वळून, हसत:
बाई, काटा आता राहू द्या.
यात सगळ्यांचं एकच वजन धरतात. सरासरी.
किती? मी विचारलं.
ब्याऐंशी.

मी मनात वही उलटली.
सत्तर आहेत, अठ्ठ्याण्णव आहेत,
ब्याऐंशी कुणी नाही.
एक होता.
नेई तोकारियाचा थोरला, तेबवाऊ. अनवाणी, बरोबर ब्याऐंशी.
मागच्या फेब्रुवारीत कुप्यांच्या मागं गेला
आणि होडीची मोटर बंद पडली.
जुनं विमान दोन घिरट्या घालून परतलं.
एका इंजिनानं त्याहून दूर जाऊ नये,
असं कागदावर होतं.

आज पहिली फेरी.
काटा भिंतीला टेकवून ठेवला होता,
तरी येणारा जाणारा त्यावर चढतच होता, सवयीनं.
नेई तोकारिया चढली. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या.
लिही, म्हणाली.
त्रेसष्ट. लिहिलं.
कंपनीच्या यादीत तिच्या नावापुढं ब्याऐंशी होते.
पाद्र्याच्या पुढं ब्याऐंशी, काबुरोरोच्या पुढं ब्याऐंशी,
खाली, पानाच्या तळापर्यंत,
तेबवाऊ, तेबवाऊ, तेबवाऊ.

विमान उठलं. पट्टी संपायच्या कितीतरी आधी.
वर बघत हात हलवणारे आम्ही,
आणि खिडक्यांना कपाळं लावून
खाली पाण्याकडे बघणारे ते.

कोंबड्यांना नव्या विमानात परवानगी नाही.
पाद्र्याची इथंच राहिली, पाय बांधलेली.
दीड किलो.