उतरलेली पट्टी

कसल्यात आमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल होता
आणि आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

पोर्ट सुदानच्या कुणा खलाशाची तबकडी,
तिच्यावरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट;
आमच्या घरी पोचेतो बाई
अर्धी पट्टी खाली गात होती,
जड, सावकाश,
झोपेतून उठून दार उघडावं तशी.
मागे खरखर, आणि दुसऱ्या कडव्यात
कुणाचा तरी खोकला.
बतूल, माझी आई,
त्या लयीत कॉफीसाठी सुंठ कुटायची.
हिंदीचा एक शब्द कळत नसे,
पण खोकल्याच्या जागी नेमकी खोकायची.

परवा माझ्या मुलाने फोनवर तेच लावलं.
धुतलेलं, पुसलेलं, खऱ्या पट्टीतलं.
तबल्यावरचं बोटन् बोट कळतं, म्हणाला.
कळत होतं.
बाई चटपटीत, जेमतेम सोळाची.

आईने शेवटपर्यंत ऐकलं,
खोकल्याच्या जागी थांबली,
पुढे गेली.
"छान गाते," म्हणाली.
"तिची मुलगी का?"

ताजुस्सिरने आवाज थोडा कमी केला,
जणू तेवढ्याने
ती खाली उतरली असती.