उद्याची नोंद

चरईत, भांड्यांच्या दुकानावरचा पहिला मजला.
जिना असा, की दाढ दुखणाऱ्याने
कठडा धरूनच चढावं.
दाराशी पाटी : चपला इथे काढा, आत निळ्या स्लिपर आहेत.
मी काढल्या नाहीत.
तपासणीला आलेल्या बाईला कुणी सांगत नाही.

हातात छापील तक्ता. बेचाळीस प्रश्न.
प्रत्येकापुढे दोन चौकोन : होय, नाही.
तिसरा चौकोन छापणाऱ्याला सुचला नसावा.

डॉक्टर गुप्ते आपणहून कपाटं उघडतात,
लग्नघरी रुखवत दाखवावं तशी.
पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा,
एक्स-रेच्या खोलीवर नवाकोरा फलक,
अजून डिंकाचा वास येणारा.
होय. होय. होय.
चहा येतो. साय धरून तसाच राहतो.

बाकावर बाळकुमची एक म्हातारी
गालाला पदर दाबून.
मिश्रीने काळवंडलेल्या हिरड्यांतून विचारते,
"हिचा नंबर माझ्या आदी कसा?"
कुणी उत्तर देत नाही. मीही.

मग वही.
ऑटोक्लेव्हची, लांबट, वाण्याच्या खतावणीसारखी.
एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड, वीस मिनिटं, सही.
एकशे एकवीस, पंधरा, वीस, सही.
पानामागून पान.
इतक्या नेमाने माझ्या घरचं घड्याळही चालत नाही.

बोट खाली सरकत आलं आणि अडलं.
आज बुधवार.
वहीत गुरुवारसुद्धा निर्जंतुक होऊन गेला होता.

"हे कुणी लिहिलं?"
पडद्याआडून जयवंती भोपी आली, हात पुसत.
"मीच. उद्या पोराच्या शाळेत बोलावलंय.
सर मशीन लावतात, पण लिहायचं विसरतात."
गुप्ते छताकडे बघू लागले.
छत स्वच्छ होतं.

मी लाल पेन काढलं
आणि सवयीने पानं मागे उलटत गेले.
एक खोटं सापडलं की बाकीची
तिथंच आसपास दबा धरून असतात.
सापडलं ते असं :

*शुक्रवार. दुपारपर्यंत लाईट नाही. मशीन लागलं नाही.*
*पाच पेशंट परत पाठवले.*
*ट्रेमधले दोन चिमटे सर वापरणार होते. मी दिले नाहीत.*
*सर रागावले.*

सही तीच. ज. भोपी.
रकान्यात न मावलेली ओळ
समास ओलांडून शिवणीच्या दोऱ्यापर्यंत गेलेली.
गुप्तेंनी ती आजवर वाचलेली नसावी.
वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला,
पुसला, आणि खिशात ठेवला.

प्रश्न एकोणिसावा :
नोंदी वेळच्या वेळी व खऱ्या ठेवल्या जातात काय?

मी काय लिहिणार, हे जयवंतीने विचारलं नाही.
तिने एक पाकीट उचलून त्यावरची पट्टी दाखवली.
आत पुरेसं तापलं की हिच्यावर काळे पट्टे उमटतात,
नाहीतर कोरीच राहते.
"हिला खोटं जमत नाही," म्हणाली.
मग जरा थांबून, "मी लिहिलं. एकदाच."

एकदाच, हे मी टिपून घेतलं नाही.
'नाही'वर खूण केली.
गुरुवार खोडला, शेजारी तारीख घालून सही केली.
आणि शेऱ्याच्या दोन बोटं जागेत
शुक्रवार उतरवून घेतला, शब्दन् शब्द,
सर रागावले, हेसुद्धा.
वर कचेरीत तो कुणी वाचेल असं नाही.

निघेपर्यंत म्हातारी खुर्चीवर पोचली होती,
दिव्याखाली, छातीवर कागदी रुमाल.
"किती दिवस दुखतंय, आजी?"
"लिवून नाय ठेवलं," ती म्हणाली
आणि आ वासला.

जयवंती फडकं घेऊन खाली वाकली होती.
दारापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून कपाटापर्यंत
पांढऱ्या फरशीवर चपलांचे ठसे.
मी ते मोजले नाहीत.