वीस पावलं

हरिपूरच्या वाटेवर, चर क्रमांक चार.
दीड मीटरवर माती रंग बदलते,
काळपट, गोल, बांगडीसारखी कड.
मी फॉर्म उघडते. रकाना सातवा : स्वरूप.
भिंत, चूल, खड्डा, इतर.
'खड्डा' लिहिणार, तेवढ्यात वरून भूपालमामा,
"खड्डा न्हवं बाई, प्येव हाय ते.
खड्डा पडतुया. प्येव खणावं लागतंय."

चाळीस वर्षं ते पेवात उतरले, हळद काढायला.
आधी तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरत नसे.
आणि वर, पेढीवर, पावती :
पेवाचा नंबर, पोती, मालक, भरल्याची तारीख.
हळद न बघता पावती विकली जायची
तीनदा, चारदा,
जमिनीखालचा माल जागचा हलायचा नाही.
कागदावर एवढा विश्वास
आमच्या गोदामात मी पाहिलेला नाही.

गोदामात मागच्या उत्खननाच्या एकोणीस पेट्या.
चिठ्ठीवर : 'लाल खापर'.
कुठलं लाल? विटेचं, संकेश्वरी मिरचीचं,
की लिहिणाऱ्याच्या डोळ्यातलं?
'खोली : नेहमीप्रमाणे.'
आणि सगळ्यात जपून, निळ्या शाईनं,
'बाभळीपासून पश्चिमेला वीस पावलं.'
बाभळ पुरात गेली.
पावलं टाकणारे इंगवलेसर परवाच्या वैशाखात गेले,
उंच होते म्हणे, आणि जरासे लंगडत.

एकदा खणलं ते पुन्हा खणता येत नाही,
असं मी नव्या पोरांना सांगते, ती जांभया देतात.
मग त्यांच्या हाती सरांची वही ठेवते :
जा, शोधा.
एक जण थेट नदीत पोचतो.

दुपारी 'इतर'वर खूण केली, पुढं लिहिलं : पेव.
पुण्याला पत्र धाडलं, शब्द यादीत घ्या,
व्याख्येसकट,
तोंडाची रुंदी कुठून कुठवर मोजायची त्यासकट.
उत्तर आलेलं नाही.

"ह्ये वाचणार कोण?" मामा विचारतात.
"जे तुम्हाला ओळखत नाहीत, ते."
चराच्या काठावर ते बसून राहतात, तंबाखू मळत.
"मग बाभळ लिवू नगा," म्हणतात.
"कंदिलाचं तेवढं लिवा."

कंदिलाला रकाना नाही.
मी समासात लिहिते. तारीख. सही.