शाळेपासूनचं अंतर

'शाळेचं नाव' ह्या रकान्यापाशी गाडी अडली.

मी सांगितलं, घर.
पडद्यावर तांबडी ओळ आली:
किमान पाच अक्षरं हवीत.

कार्वाल्होबाबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"बाय, हांगा रितें सोडूंक मेळना."
त्यांचा काय दोष?
टेबलावर अर्धी पोय, साय धरलेला चहा,
बाहेर बाकावर आणखी अकरा जणं,
प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत जन्माचा दाखला, उत्पन्नाचा,
पंधरा वर्षं इथेच राहिल्याचा.

मग मी वाढवलं:
घर, मानशीजवळ, चोडण.
यंत्राला पटलं.

योजना अशी, की मुलीच्या नावाने खातं उघडतात,
दर तीन महिन्यांनी त्यात रक्कम पडते,
काढायची मात्र मंजूर वस्तूंसाठी,
पक्क्या पावतीवर.
सकाळी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
मी मनात हिशेब मांडला होता.
चिंचोके, दोनशे. पावती नाही.
भरती-ओहोटीचं कोष्टक,
शेजारच्या आग्नेलने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
उतरवून दिलेलं. पावती नाही.
पोदेराच्या टोपलीतले उंडे,
ऊर्वी रोज मोजते, आणि चुकली
तर तो बिचारा सायकल स्टँडला लावून
पुन्हा मोजू देतो,
पुढच्या वाड्यावर लोक खोळंबलेले असतात तरी.
माझ्या दुपारी.

रकाना सात: शाळा सोडण्याचं कारण.
जागा दोन ओळींची.

घंटा झाली की ती बाकाखाली जायची,
दोन्ही कानांवर कोपरं दाबून.
आधी वर्ग हसला. मग बाई हसल्या.
मग कुणीच हसेना, त्या दिवशी
मी तिला दप्तरासकट घरी आणलं.
पोदेराचा भोंगा मात्र तिला चालतो.
का, ते मला कळत नाही,
बांबोळीच्या डॉक्टरांनाही कळलं नाही,
त्यांनी नुसतं लिहून दिलं.
मी म्हटलं, लिहा: आवाज.
एवढंच? एवढंच.

शिक्षकाचं नाव.
सुलक्षा गुणाजी मांद्रेकर.
शैक्षणिक पात्रता.

इथे मी खिडकीबाहेर पाहिलं.
नववी.
दहावीच्या फॉर्मचे पैसे त्या वर्षी
भावाच्या फॉर्मला गेले,
आणि मीच ते हौसेने भरून आले होते,
कारण अक्षर माझं चांगलं.
कार्वाल्होबाबांनी माझ्याकडे न बघता
'इतर' वर टिचकी मारली.
बरं वाटलं.
'इतर'मध्ये पुष्कळ जणं असतील.

शेवटचं राहिलं:
घरापासून शाळेचं अंतर, किलोमीटरमध्ये.
शून्य.
शून्य घेत नाही, ते म्हणाले,
आणि स्वतःच्याच मनाने टाकलं,
शून्य पॉइंट एक.
म्हणजे किती?
शंभर मीटर.
मी विचारलं, हे खोटं ठरणार नाही ना?
प्रिंटर खरखरत होता.
"चलून पळय," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही चालून पाहिलं.
उंबऱ्यापासून, बांधावरून, चपला हातात घेऊन,
माझी पावलं एकशे चाळीस,
तिची एकशे एकोणनव्वद.
(टेप नव्हता. अंदाजच.)
मानशीपाशी येऊन थांबलो.
बाहेर नदी फुगलेली,
लाकडी दारं पाण्याच्या दाबाने घट्ट मिटलेली,
आत खाजनात एक बगळा,
त्याला कसलीच घाई नाही.

ऊर्वीने कोष्टक बघितलं,
माझ्या मनगटावरचं घड्याळ वळवून बघितलं.
"नऊ मिनिटांनी उघडेल."
फोन थरथरला: आपला अर्ज प्रलंबित आहे.
मी तो उलटा करून मांडीखाली ठेवला.

दार हललं ते अकराव्या मिनिटाला.
ढकललं कुणीच नाही,
आतलं पाणी जड झालं, इतकंच.
ती माझ्यावरच चिडली, दोन मिनिटं कुठे गेली म्हणून,
मग वहीत आपली चूक लिहिली,
खाली दोनदा रेघ मारली.

पेन्सिलीची पावती आहे माझ्याकडे.
पाच रुपये.