राख

माझे पपा, शांतवन रणपिसे,
इंदूरच्या एका गिरणीत बॉयलरला कोळसा घालायचे.
पाळीला साडेतीन टन,
पावसाळ्यात थोडा जास्त, कोळसा ओला असतो म्हणून.
आगीविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं.
"तिला देव नाही, धर्म नाही," म्हणायचे,
"तिला फक्त भूक."

म्हणून रविवारी देवळात
पाळकबाबा जळत्या झुडपाचं वाचू लागले
की शेवटच्या बाकावर पपा पुढे सरकून बसत.
बाकीच्यांना नवल आगीतून आलेल्या आवाजाचं,
पपांना झुडूप उरलं याचं.
घरी येताना सायकल ढकलत पुटपुटत:
"जळतंय आणि सरत नाही. म्हणजे राख नाही.
म्हणजे पहाटे चारला वाकून कुणी काढायला नको.
देवच असणार. दुसऱ्या कुणाला परवडेल?"

एका गोष्टीवर मात्र त्यांचं शास्त्राशी पटेना.
त्या मेंढपाळाला सांगितलं, पायांतलं काढून ठेव.
"विस्तवापाशी? अनवाणी?"
बॉयलरघराच्या दारावर लाल पाटी होती,
बुटांशिवाय आत येऊ नये.
पपांच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं,
ते पाटी लागायच्या आधीच्या वर्षी गेलेलं.

रात्री रानात लोकांपुढे चालणारा अग्नीचा खांब
मी सात वर्षांची असताना लगेच ओळखला.
"धुराडं!"
पपा हसले नाहीत.
"धुराडं जागचं हलत नाही, बेबी.
आपल्याला त्याच्याकडे जावं लागतं."

एक पान ते गाळत.
थंडीची रात्र, अंगणात पेटलेले कोळसे,
आणि एक मोलकरीण विचारते, तूही त्याच्याबरोबरचा ना?
माझं बोट तिथवर आलं की म्हणत,
"झोप आता. सकाळी शाळा आहे."

आईने सांगितलं, फार नंतर.
संपातला डिसेंबर. फाटकासमोर शेगडी, भोवती हात.
जमादाराने विचारलं, बद्रीलाल कुठे लपलाय?
बद्रीलाल. अकरा वर्षं एका पाळीतला, एका डब्यातला.
पपा म्हणाले, मी ओळखत नाही या माणसाला.
कोंबडाबिंबडा काही आरवला नाही.
संप असूनही भोंगा तेवढा वेळेवर झाला.

मग गिरणीलाच टाळं लागलं.
देणी कोर्टात, धुराड्यावर घारीचं घरटं.
परदेशीपुऱ्याच्या वळणावर
पपा ठेल्यावर भुट्टे भाजू लागले.
साडेतीन टनांवरून दिवसाला दोन किलो.
पुठ्ठ्याने वारा घालत आगीशी बोलत असत,
म्हाताऱ्या कुत्र्याशी बोलावं तसं.

भाद्रपदात एका संध्याकाळी एक माणूस आला.
काठी, एका डोळ्यात मोतीबिंदू.
"नींबू जरा ज्यादा," इतकंच म्हणाला.
पपांनी वर पाहिलं.
हातातला पुठ्ठा थांबला.
निखाऱ्यांवर राखेची साय धरू लागली
तेव्हा मीच पुठ्ठा घेतला.

तीन भुट्टे भाजले त्यांनी त्याच्यासाठी.
एक संपला की दुसरा,
दुसरा संपला की न विचारता तिसरा.
नाव कुणी घेतलं नाही.
पैसे कुणी काढले नाहीत, कुणी मागितले नाहीत.

शास्त्रात एक पहाट आहे, सरोवराच्या काठची.
निखारे, वर मासळी, शेजारी भाकर,
आणि ज्याला नाकारलं होतं
तोच ओल्या कपड्यातल्यांना जेवायला बोलावतो.
आमच्या वळणावर
कोण कुणाला जेवू घालत होतं
मला अजून नीट सांगता येत नाही.
तो गेला, गल्लीच्या तोंडाशी थांबला, दात कोरला, पुन्हा चालू लागला.

आवराआवर करताना पाहिलं,
ठेल्यामागे पपांच्या चपला
बाजूला, जोडून ठेवलेल्या.
डांबरावर विझत्या ठिणग्या,
त्यांत तो बिननखाचा अंगठा.

"पाय भाजेल," मी म्हणाले.

"हो," म्हणाले,
आणि राख काढायला वाकले.